निबेची झीज

जुन्या पेनांच्या दुनियेत तिला सगळे भिंगबाई म्हणतात. फाउंटन पेनांच्या निबांचे फोटो काढणं हा तिचा धंदा. नखाएवढी निब ती कॅमेऱ्यापुढे अशी काही धरते, की टोकावरचा कण पडद्यावर वरवंट्याएवढा दिसावा. पेनं जमवणारे निब पारखायला तिच्याकडे पाठवतात, दुरुस्तीवाले आधीचा आणि नंतरचा फोटो काढायला पाठवतात. तिच्या फोटोतून चीर सुटत नाही आणि तिच्या तोंडातून माणूस सुटत नाही. कुणी शहाण्याने निब चकाचक पॉलिश करून पाठवली, की ती फोनवरच त्याची हजामत करते. पॉलिशने डाग जातो तशी झीजही जाते, आणि बाईचा सगळा जीव त्या झिजेत.

झिजेचं असं असतं. निबेच्या टोकाला कठीण धातूचा बारीक मणी असतो. एकाच हाताने वर्षानुवर्षं लिहिलं की तो मणी त्या हाताच्या कलाने घासत जातो आणि त्याला सपाट पैलू पडतो. धरणारा पेन किती तिरकं धरायचा, किती दाबायचा, सगळं त्या पैलूत उतरतं. असं पेन दुसऱ्याने हातात घेतलं की खरखरतं.

त्या दिवशी सकाळी दादा आला तोच घाईत. दादा म्हणजे भिंगबाईचा थोरला भाऊ, वडिलांच्या शाळेचा सध्याचा कर्ताधर्ता. वडील जाऊन सहा वर्षं झाली होती. त्यांच्या नावावरची अंकगणिताची पुस्तकं, पहिली ते सातवी, अजून शाळाशाळांतून चालत होती. शाळेच्या नव्या सभागृहाला त्यांचं नाव द्यायचं ठरलं होतं आणि दर्शनी भिंतीवर त्यांच्या पेनाच्या निबेचा आठ फुटी फोटो लागणार होता. खाली ओळ ठरलेली: ‘या निबेतून सरांचं अंकगणित उतरलं.’

“फोटो चार वाजता छापखान्यात जायला हवा,” वडिलांचं पेन तिच्या हातात देत दादा म्हणाला. “साडेतीनला नेतो. आणि चांगला चमकव जरा.”

“चमकवायला मी भांडी घासते का?” असं म्हणून तिने दार लावून घेतलं.

घरात ती आणि आई, दोघीच. जेवणाचं टेबल हाच स्टुडिओ. तिने निब मातीच्या गोळ्यात रोवली, दोन्ही बाजूंनी ट्रेसिंग पेपर लावून उजेड मऊ केला आणि आतल्या खोलीकडे तोंड करून ओरडली, “आई, आता चालू नकोस.” एवढ्या जवळून फोटो काढताना पावलानेसुद्धा फरशी हादरते आणि सगळं फिस्कटतं. आई बसून राहिली. बाईने कॅमेरा केसभर पुढे सरकवत एकामागून एक साठ फोटो घेतले आणि ते कॉम्प्युटरवर एकत्र जोडले, तेव्हा कुठे निब टोकापासून मुळापर्यंत स्वच्छ दिसली.

पैलू भलत्याच बाजूला होता.

“झालं, केली माती,” ती स्वतःवरच चवताळली. फोटो उलटा झाला, आरशातल्यासारखा, असंच तिला वाटलं. एकदा तिच्या हातून तसं झालं होतं आणि एका गिऱ्हाइकाने ते वर्षभर ऐकवलं होतं. पण निबेवर कोरलेली अक्षरं सरळ वाचता येत होती. तिने पुन्हा साठ फोटो काढले. पैलू जागचा हलला नाही. ही निब डाव्या हाताने झिजली होती. वडील उजव्या हाताचे. त्या घरात डावखुरं माणूस एकच होतं.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती तशीच आत गेली. आई खुर्चीत बसून मटार सोलत होती, डाव्या हाताने.

“आई, बाबांचं ते पेन कोण वापरायचं?”

“तुझे बाबा.”

“खोटं बोलू नकोस. मी निब बघितलीय.”

“मग मला कशाला विचारतेस? ते सह्या करायचे त्याने. बाकीचं मी लिहायचे.”

“म्हणजे त्यांचं लिहिलेलं तू उतरवून काढायचीस?”

“उतरवायला आधी कुणीतरी लिहिलेलं असावं लागतं.”

“मग ती गणितं?”

“माझी. भागाकारात अपूर्णांक उलटा का करायचा, हे तुझ्या बाबांना शेवटपर्यंत पटलं नाही. प्रकाशक म्हणाले, सरांचं नाव असलं की शाळा पुस्तक घेतात. हे म्हणाले, नाव काय, घरातल्या घरातच आहे.”

मग बाईचा पट्टा सुटला. आयत्या बिळावर नागोबा, असं ती स्वतःच्या बापाला म्हणाली. प्रकाशकाची सालटी काढली, सभागृह बांधणाऱ्यांना मूर्खांत काढलं, दादाला तर ठेवणीतल्या शिव्या दिल्या. आणि रागाच्या त्याच भरात आईवर घसरली. “आणि तू? तीस वर्षं तोंड शिवून बसलीस?”

आईचा हात थांबला. तिने मटारची परात बाजूला ठेवली.

“मी तोंड शिवून बसले नव्हते, लिहीत बसले होते. तुझ्यासमोर, त्याच टेबलावर. तू पलीकडे बसून अभ्यास करायचीस. ओल्या अक्षरांवरून माझा हात पुढे जायचा, करंगळीखालची कड निळी व्हायची, तेव्हा साबण तूच आणून द्यायचीस. मी नवीन गणित तुलाच आधी घालायचे, तुला सुटलं तर पुस्तकात. एकदा तरी विचारलंस, आई, तू काय लिहितेस म्हणून? आज तुला दोनदा साठ फोटो काढावे लागले.”

सगळ्या गावाची झीज ओळखणारी ही भिंगबाई, आणि काखेत कळसा. तिला स्वतःची इतकी चीड आली की डोळ्यांत पाणी आलं, आणि पाणी आलं म्हणून आणखी चीड आली.

साडेतीनला दादा आला. तिने त्याला पडद्यासमोर बसवून पैलू दाखवला आणि भिंतीवरची ओळ खोटी आहे म्हणून सांगितलं. तो हसला.

“आई बाबांना मदत करायची, कुणाला ठाऊक नाही? पण डोकं बाबांचं होतं. आणि असल्या सावल्या बघून भिंतीवरची ओळ बदलत नसतात. पाहुण्यांच्या पत्रिका गेल्यात.”

बाईने पेनात शाई भरली आणि ते कागदासकट त्याच्यापुढे आपटलं. “लिही.”

त्याने लिहिलं. पेन खरखरलं, शाई तुटली, कागद खरवडला. “बिघडलंय हे,” तो म्हणाला.

आईने पदराला हात पुसले आणि त्याच्या हातातून पेन काढून घेतलं. निब टेकली आणि आवाज न करता चालू लागली. तिने सावकाश तीन ओळी लिहिल्या आणि कागद दोघांच्या मध्ये सरकवला.

‘एका बाईने तीस वर्षं रोज तीन तास गणितं लिहिली. त्यांची सात पुस्तकं झाली. तर तिचं नाव किती ठिकाणी छापून आलं?’

“सोडवा,” आई म्हणाली. “दोघांनीही.”

दादाने कागद दोनदा वाचला. बाईने एकदाच वाचला आणि मान खाली घातली. तेवढ्यात टेबलावरचा दादाचा फोन वाजला. छापखान्याचा होता. दादाने हात पुढे केला नाही, तेव्हा आईनेच तो उचलला.

“फोटो येतोय,” ती म्हणाली. “खालची ओळ बदलायचीय. ‘सरांचं’ काढा. तिथे नाव घालायचंय, लिहून घ्या.”

आणि तिने आपलं नाव सांगितलं. पलीकडच्या माणसाने ते कधी ऐकलं नव्हतं, त्यामुळे तिला ते दोनदा सांगावं लागलं.