नागज फाट्यावरची ओ

बाबालाल मिस्त्री जेवायला घरी गेलेत. जाताना शटर अर्धं खाली ओढून म्हणाले, ताई, गाडीतच टेका जरा, मी आलोच. मी ड्रायव्हरची सीट मागं पाडते, चपला काढते. शटरखालून कवठे महांकाळचं ऊन आत आलेलं. डोळे जड होतात. कान मात्र जागेच.

गाडी जुनी, वडिलांच्या वेळची. चाक खड्ड्यात गेलं की मागं खट् होतं, वर आलं की पुन्हा खट्. मिस्त्रींनी मागचे बुश बदलले, जॅकवर चढवून चाकं हलवून पाहिली, धक्के झेलणारे शॉकअप खालून तपासले, डिकी रिकामी केली. आवाज आहे तसाच. भाऊ म्हणतो, विकून टाक, जिच्यात आई गेली ती गाडी कशाला ठेवायची? आवाज सापडल्याशिवाय मी विकणार नाही, एवढंच त्याला सांगितलंय.

आईला जतहून मिरजेला डायलिसिसला मीच न्यायची. ती मागं उशी घेऊन आडवी व्हायची आणि दर वेळी म्हणायची, हेमा, माझ्या कानाशी काहीतरी वाजतंय गं. त्या दिवशी दवाखान्याच्या दारात मी मागचं दार उघडलं, तर तिचा पाय गार लागला. डॉक्टर म्हणाले, वाटेतच गेल्या. वाटेत कुठं, ते त्यांनाही सांगता आलं नाही.

गाडी चालू होते. मी किल्ली फिरवलेली नाही, तरी चाललीय. गॅरेजची भिंत मागं जाते, तिच्यावरचे जुने टायर मागं जातात, मग बाभळी लागतात. आरशात आई दिसते. उठून बसलीय, केस नीट विंचरलेत. जेवलीस का, विचारते. मी नाही म्हणते. मग ती नेहमीसारखी कुरकुरते, की गतिरोधकावर हळू घेत जा, पाठ मोडते.

"आई, तू कुठं गेलीस?"

"मिरजेलाच चाललोय की."

"आत्ता नाही. त्या दिवशी. वाटेत कुठं?"

ती खिडकीबाहेर बघते. बाहेर रस्ता नाही. डायलिसिसची खोली आहे, लांबच लांब, आणि आम्ही दोन्हीकडच्या खाटांमधून चाललोय. नळ्या बाभळींना टांगलेल्या. खाटांवर माणसं तोंडावर पांघरूण घेऊन पडलीत. नर्स हात करून आम्हाला पुढं जा म्हणते.

"नागज फाट्यावर तू मला हाक मारलीस," आई सांगते. "पाणी पाहिजे का म्हणालीस."

"तू बोलली नाहीस. मला वाटलं, डोळा लागला तुझा."

"मी ओ दिली होती, बाई. मागं वाजत होतं. तुला ऐकू गेलं नाही."

मी ब्रेक दाबते. पाय थेट फरशीला टेकतो. आमच्या स्वयंपाकघराची फरशी, ओली. गाडी थांबत नाही.

"दुखत होतं?"

जिवंतपणीही आई मन राखायला खोटं बोलायची नाही. "हो," ती म्हणते. "फार."

आता मी मागं तिच्याशेजारी बसलेय. पुढं कुणी नाही, स्टिअरिंग आपलं आपण वळतंय. आई माझा हात धरते. तिच्या मनगटाजवळची डायलिसिसची फुगलेली शीर कायम बोटाखाली थरथरायची. मी चाचपून बघते. थरथरत नाही.

"खाली नाही शोधायचं," ती म्हणते. "इथं."

ती माझा तळवा सीटच्या कडेला, तिची उशी असायची त्या कोपऱ्यात दाबून धरते. खड्डा येतो. तळव्याखाली खट्. पुन्हा खट्. तिचं डोकं दर वेळी याच्याजवळ असायचं.

"ओ दिल्यावर तू परत हाक मारलीस मला?" मी विचारते.

ती तोंड खिडकीकडं वळवते. मी पुन्हा विचारते. तिचे ओठ हलताना काचेत दिसतात, पण आवाज एवढा वाढलाय, की मला काही ऐकू येत नाही.

शटर वर जातं. ऊन थेट तोंडावर येतं. मी मागच्या सीटवर आहे, पाय पोटाशी घेऊन आडवी पडलेली. मिस्त्री दारात वाकून विचारतात, ताई, पुढं होता ना तुम्ही, मागं कशाला आलात? माझ्या बोटांना रग लागलीय. मूठ घट्ट मिटलेली आहे, उघडता उघडत नाही. मी ती दुसऱ्या हातानं उघडते. आत काळं रबरी टोपण आहे आणि तळव्यावर ग्रीसचा गोल उमटलाय.

मिस्त्री ते टोपण हातात घेऊन बघतात, मग माझ्यावरून वाकून सीटच्या कडेला बघतात. तिथलं आवरण उचकटलेलं आहे. आत शॉकअपचं वरचं टोक दिसतंय, टोपण निघालेलं. ते पाना मागत नाहीत. नुसती दोन बोटं त्या टोकाच्या नटवर ठेवतात, आणि नट फिरतो.