बैलाच्या खांद्याची खाच

आमच्या छपरीच्या मधल्या खांबावर, माझ्या छातीला लागेल एवढ्या उंचीवर, एक खाच होती. आजोबांनी पटाशीनं पाडलेली. उभ्या बैलाचा खांदा तिथं येतो. बेलापुरात आमच्याकडं जी बैलगाडी घडायची, तिची दांडी त्या खाचेला टेकवून बघायची. टेकली की गाडी बरोबर. माझे वडील, आबा, फूटपट्टीनं पाठ खाजवायचे. खाच असताना पट्टी कशाला, हा त्यांचा रोकडा सवाल.

मी त्यांच्या हाताखाली सुतारकी शिकलो आणि ती सोडून गावातल्या एका बागाईतदाराच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर म्हणून बसलो. साल दुष्काळाचं होतं. कोरडवाहू गावांतली बैलं छावणीत नाहीतर बाजारात गेलेली, आणि कालव्याखालच्या उसात मात्र नवेकोरे ट्रॅक्टर फिरायला लागलेले. छपरीत गिऱ्हाईक फिरकेना. आबांच्या मते या सगळ्याला ट्रॅक्टर जबाबदार होता, आणि आता ट्रॅक्टरला मी.

"बैलं खाल्ली त्यानं. आन् ह्यो त्याच्या मानंवर बसून फिरतोय," असं ते आईला सांगायचे. मी समोरच जेवत असायचो.

मी तरी कुठं गप्प बसणारा! "त्यास्नी म्हनावं, बैलं दुष्काळानं खाल्ली," असं मीही आईलाच सांगायचो. पुढं पुढं आमचं एकमेकांशी बोलणंच बंद झालं. दोघांचे निरोप पोचवता पोचवता आई वैतागून जायची. "येक दिस दोघांच्याबी ताटात दगड वाढते," म्हणायची.

अशात कोपरगावकडचा एक मोठा शेतकरी छपरीत आला. त्याच्या वस्तीवरच्या सगळ्या बैलगाड्या आबांच्या हातच्या. आता त्यानं ट्रॅक्टर घेतले होते आणि ऊस कारखान्यावर न्यायला त्याला ट्रॉल्या हव्या होत्या. "लोखंडी कुटंबी मिळत्यात," तो म्हणाला, "पर तुमचा हात मला ठावा हाय. आधी नमुना दावा, ट्रॅक्टरला लावून. दसऱ्याला येतो."

हे काम मिळालं तर छपरी चालणार होती. नाही मिळालं तर आबांना वाकस-रंधा खुंटीला टांगून सरकारी कामावर खडी फोडायला जावं लागणार होतं. पन्नाशी उलटलेला माणूस, उभा जन्म लाकडात गेलेला. आईच्या हातून त्या दिवसांत भाकरी सारख्या करपत होत्या.

नवा घाट करायचा तर आधी तो लहान करून बघायचा, ही आबांची जुनी रीत. त्याला ते पिल्लू म्हणत. ट्रॉलीचं पिल्लू करायला ते लगेच बसले. ट्रॅक्टरचं कोण करणार? आबा तर ट्रॅक्टर दिसला की रस्ता बदलायचे. शेवटी आईमार्फत हुकूम आला. "तुज्या लेकाला म्हनावं, त्येचं भूत त्येनं करावं. खऱ्याच्या येका हाताला हितं चार बोटं, ह्ये माप."

मला रागच आला, पण काम आवडीचं होतं. डालड्याचा डबा कापून मी बॉनेट वाकवलं. मोडक्या छत्रीच्या दांड्याचा सायलेन्सर केला, पडद्याच्या पितळी कडीचं स्टिअरिंग. मागची दोन मोठी चाकं टायरच्या जुन्या वहाणांतून कापली. नक्षी आधीच होती, कोरायलाच नको. दिव्यांना शर्टाची बटणं. मागचा हूक मात्र मी खऱ्या ट्रॅक्टरपाशी बसून, मापून केला. खिळा तापवून वाकवला, त्याला बारकी पिन केली.

छपरीच्या त्या कोपऱ्यात आबा, या कोपऱ्यात मी. त्यांची ट्रॉली बघून माझा हात थांबायचा, खोटं कशाला बोलू. सागाच्या फळ्या बोटाएवढ्या, पण एकेक रंधून गुळगुळीत केलेली. चाकांचा कणा बाभळीचा. मागचं फळकं उघडायचं आणि बंद व्हायचं. उसाच्या जागी त्यांनी ज्वारीची धाटं तोडून मोळ्या भरल्या होत्या. खंडेनवमीला हत्यारं पुजली तेव्हा आईनं दोन्ही पिल्लांनाही हळदकुंकू लावलं.

त्या संध्याकाळी मी म्हटलं, जोडून तर बघू. ट्रॅक्टर उचलून ट्रॉलीकडं नेला तोच आबा ओरडले, "हात काढ! जुपायचा मान धन्याचा!"

कित्येक महिन्यांत ते माझ्याशी थेट बोललेले एवढेच शब्द. आमच्यात घडवणाऱ्यानं आपली गाडी आपण जुंपायची नसते. मालकानं नारळ फोडून पहिल्यांदा जुंपायची. सुतारानंच जुंपली तर गाडीला धनी मिळत नाही, असं आजोबांपासून चालत आलेलं. मरू दे, म्हटलं, आणि ट्रॅक्टर फळीवर ठेवून दिला.

दसऱ्याला तो शेतकरी आपला ड्रायव्हर घेऊन आला. सोनं दिलं, नारळ फोडला, मांडी घालून बसला आणि ट्रॉली ट्रॅक्टरला लावायला गेला. दांडीचं टोक हुकाकडं जाईचना. ते थेट वर, ड्रायव्हरच्या सीटच्याही वर. त्यानं दांडी खाली दाबली, तशी ट्रॉली मागनं उचलली गेली आणि धाटांच्या मोळ्या घरंगळत माझ्या बॉनेटवर आल्या.

"मालक, ह्येला बैलच लागत्यात!" त्याचा ड्रायव्हर म्हणाला आणि पोट धरून हसला.

आबांनी दांडी खांबावरच्या खाचेबरहुकूम केली होती. एका हाताला चार बोटं धरून, तंतोतंत.

शेतकरी माणूस वाईट नव्हता. हसू आवरून तो म्हणाला, "सुतार, आसं करा, म्होरं दोन लाकडी बैलं लावा. नातवाला खेळाया झ्याक व्हईल." माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हटलं, "दांडी खाली घ्यायची बाकी हाय नुसती. घटकाभराचं काम." तो "बघू, कळवतो" म्हणाला आणि डोळे पुसत गेला.

आबा खांबाकडं बघत बसले होते. मग मला म्हणाले, "ट्रॅक्टरचा खांदा कुटं येतो रं?"

मी वाकून गुडघ्याखाली हात धरला.

"येवडा खाली? मंग वढतो कशानं?"

"बुडानं, आबा."

"व्हय?" ते म्हणाले. ऐकूनच त्यांना लाज वाटली असावी.

दुसऱ्या दिवशी आबा चालत आमच्या बागाईतदाराच्या वस्तीवर आले. ट्रॅक्टर उभा होता. अनोळखी बैलाकडं जावं तसे ते समोरून, सावकाश आले, बॉनेटवर हात ठेवला, मग मागं गेले आणि मातीत गुडघे टेकले. जमिनीपासून हुकापर्यंत सुतळी धरली, गाठ मारली, सुतळी खिशात घातली. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. घरी जाऊन त्यांनी त्याच खांबावर, खाली, जमिनीलगत दुसरी खाच पाडली आणि ट्रॉलीची दांडी उपसायला घेतली.

पिल्लाला नवी दांडी बसली त्याच दिवशी मला रस्त्यात तो ड्रायव्हर भेटला. मालकानं श्रीरामपूरहून लोखंडी ट्रॉल्या आणल्या म्हणाला. घरी जाऊन मी सांगितलं. आईमार्फत नाही, थेट आबांना. त्यांनी ऐकलं, दांडीवरून हात फिरवला, फळीवरचा माझा ट्रॅक्टर उचलून खाली ठेवला आणि ट्रॉली त्याच्यामागं आणली.

"आबा," मी म्हटलं, "जुपायचा मान धन्याचा ना?"

"आता येनार हाय का कोन?" ते म्हणाले आणि त्यांनी पिन घातली.

आबांनी ट्रॅक्टरला दोरी बांधून गाडी छपरीभर ओढली. ती पाण्यासारखी सपाट चालली, मोळीतलं एक धाट हललं नाही. दारापाशी त्यांनी ती थांबवली.

"बराबर हाय," म्हणाले, आणि सकाळी लवकर खडीवर जायचंय, भाकरी बांधून ठेव, असं त्यांनी आईला सांगितलं.