बॅटरी काढलेला माइक

मी रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारा माणूस. खरखर कुठून येते ते शोधायचं आणि ती बंद करायची, हा माझा धंदा. त्यामुळे भूत, भानामती असलं कोणी सांगायला लागलं की मी सरळ विचारायचो — "तेव्हा लाइट होती का?" आज तुम्ही मला हेच विचारलंत तरी मी रागावणार नाही.

गोष्ट नव्वदच्या दशकातली, मोबाईल आमच्याकडे यायच्या आधीची. पाथर्डी तालुक्यात तिसगावला माझं दुकान आणि गावाबाहेर शेतात आमचं घर. तिथून दोन शेतं पलीकडे दादाचं पोल्ट्रीचं शेड. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. आई-वडील लवकर गेले, मला त्यानेच वाढवलं. घरात तो, वहिनी आणि मी.

दादाची एक पद्धत होती. शेडमध्ये शिरण्याआधी पत्र्याचं दार बाहेरून वाजवायचा — टक... टक-टक — आणि म्हणायचा, "आलो गं बायांनो." मी चिडवायचो, "सासुरवाडीला चाललास का?" पण कारण साधं होतं. अंडी देणाऱ्या कोंबड्या भारी भित्र्या. अचानक कोणी आत आलं की सगळ्या एका कोपऱ्यात घुसतात, एकमेकींवर चढतात आणि खालच्या गुदमरून मरतात.

एका उन्हाळ्यात भर दुपारी त्याच शेडमध्ये दादा छातीत कळ येऊन पडला. हाका मारल्या असतील... पंख्यांच्या घरघरीत कोणाला ऐकू जाणार? वहिनी त्याला जेवायला बोलवायला गेली, तेव्हा सगळं संपलं होतं.

शेड बंद करू म्हटलं तर वहिनी ऐकेना. मग मी एक छोटा एफएम ट्रान्समीटर बनवला, खिशात मावेल एवढं खोकं, बॅटरीवर चालणारं. शेडमध्ये माइक, स्वयंपाकघरात रेडिओ. रेडिओवर पंख्यांची घरघर येतेय तोवर लाइट आहे, थांबली की पळत जाऊन जनरेटर चालू करायचा, नाहीतर उकाड्याने कोंबड्या मरतात. आणि आत कोणी पडलं तर तेही कळेल... हे मी तोंडाने म्हणालो नाही, पण केलं होतं त्यासाठीच.

पुढे पुढे वहिनी त्या रेडिओपुढून उठेचना.

"भाऊजी, ह्ये येत्यात दुपारचं. दार वाजिवत्यात."

"वहिनी, पत्रा आहे तो. तापला की वाजणारच."

"पत्रा 'आलो गं बायांनो' म्हनतो व्हय?"

तिचं जेवण सुटलं, गालफडं बसली. शेवटी अकोल्याहून तिचा भाऊ जीप करून आला. म्हणाला, "ताईला घिऊन जातो. डोक्यावर परिणाम झालाय तिच्या, डॉक्टरला दाखवू. कोंबड्या इकून टाका."

"मी येडी न्हाई," वहिनी म्हणाली. मग माझ्याकडे वळली, "भाऊजी, तुमी एकदा तरी बसून ऐका वो."

मला भयंकर राग आला. वहिनीचा नाही, त्या खोक्याचा. ही पीडा मीच घरात आणली होती. तसाच तरातरा शेडवर गेलो आणि दार ढकलून आत शिरलो. कोंबड्या कलकलाट करत कोपऱ्यात धावल्या. तिकडे न बघता ट्रान्समीटर उपटला, त्याची बॅटरी काढली, दोन्ही खिशात कोंबलं आणि दार उघडं टाकून घरी आलो.

वहिनीचा भाऊ अंगणात जीपवाल्याशी बोलत होता. आत वहिनी रेडिओपुढे बसलेली. आणि रेडिओवर पंख्यांची घरघर चालू होती...

मी खिसा चाचपला. खोकं होतं. बॅटरी वेगळी, सुटी होती.

घरघरीत कोंबड्यांचा कलकलाट ऐकू येत होता. मग पत्रा वाजला. टक... टक-टक. "आलो गं बायांनो." कलकलाट हळूहळू निवत गेला. आणि मग अगदी जवळून, माइकला तोंड लावल्यासारखं — "बाळ्या, दार वाजवून जात जा रं. भितात त्या."

मला बाळ्या म्हणणारा एकच माणूस होता.

मी तसाच शेडकडे धावलो. उघडं टाकलेलं दार लोटून बाहेरून कडी घातलेली होती. दार वाजवलं, मगच आत गेलो. कोंबड्या शेडभर पांगून दाणे टिपत होत्या. कोपऱ्यात एकही मेलेली नव्हती.

घरी आलो तर वहिनीच्या भावाने विचारलं, "काय पाव्हनं, तुमाला आला का काय आवाज?"

वहिनी माझ्या तोंडाकडे बघत होती. मी म्हणालो, "आला."

तिने पदराने डोळे पुसले आणि स्वतःच्या हाताने रेडिओ बंद केला. "बास झालं आता. हात धुवा समदी, वाढते." त्या दिवशी ती सगळ्यांबरोबर जेवली. भाऊ एकटाच परत गेला.

वहिनीने पुढे कितीतरी वर्षं शेड चालवलं. दार वाजवूनच आत जायची. रेडिओ मात्र पुन्हा लावला नाही.

दुसरं कुठलं स्टेशन मिसळलं म्हणावं, तर त्या स्टेशनला माझं नाव कसं माहीत? भास म्हणावा, तर कडी कोणी घातली? धंदा हाच असूनही मला याचं उत्तर सापडलेलं नाही.

तो रेडिओ आता माझ्या दुकानात आहे. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी काटा त्याच जागी आणून बसतो. नुसती खरखर येते. ती मी बंद करत नाही. दादा मला रागावला आणि मी घाबरून धावत सुटलो... "व्हय दादा" म्हणायचं राहूनच गेलंय.