भाचा आणि जावई
बारावीनंतर माझा प्रवेश जातपडताळणीवर अडला. पुरावा होता तो पणजोबांच्या शाळेतल्या जुन्या नोंदीचा. तिथे जात स्पष्ट लिहिलेली, पण वडिलांचं नाव नव्हतं. पालक म्हणून एका माणसाचं नाव आणि मुलाचं त्याच्याशी नातं: भाचा. आमच्या शेताच्या बक्षीसपत्रात मात्र त्याच नावाच्या माणसाने पणजोबांना जमीन दिली होती ती जावई म्हणून.

बाबा गावी धानाच्या रोवणीत अडकलेले, म्हणून गोंदियात तहसीलसमोर अर्ज भरून देणाऱ्या काकांकडे मी एकटीच गेले.

"बेटी, ये भांजा, वो दामाद," ते म्हणाले. "आदमी दो हुए. स्कूलवाला लडका तुम्हारा नहीं."

मलाही तेच वाटत होतं. इंग्रजी शाळेत शिकलेली मी, आलेख कागदावर पट्टीने वंशावळ काढली होती. मामा एका चौकटीत, सासरा दुसऱ्या. एकच नाव दोनदा लिहूनही मला शंका आली नव्हती.

संध्याकाळच्या एसटीने आमच्या जिल्ह्यातलं गोरेगाव, तिथून बाबांच्या मोटरसायकलवर गाव. ओसरीवर बाबांची आत्या लाखोरीची डाळ निवडत बसली होती. फुफूआजी म्हणते मी तिला. पणजोबांची ही धाकटी मुलगी. मी दोन्ही कागद वाचून दाखवले.

"मंग? बराबरच त लिवलं हाये."

"दोन्ही कसं बरोबर असेल?"

"काऊन नाही? माह्या बापाचा बाप लवकर मेला. मामानं नेलं, शाळेत घातलं, मंग आपलीच पोरगी देल्ली. ते माही माय." तिने एक खडा अंगणात फेकला. "आपल्यात पोरगी देतानी पयला मान फुफूच्या पोराचा. तुह्या शाळेत समदे अंकलच रायते का वो?"

बाबा हसले. "मला विचारलं असतं तर मीच सांगितलं असतं."

विचारलं नव्हतं, हे खरं. घरातलं काही विचारायची मला सवयच नव्हती.

त्या रात्री मी नवा कागद घेतला. मामा आणि सासरा एकाच चौकटीत बसवले. तिथून पणजोबांकडे दोन रेषा गेल्या, एक बहिणीकडून, एक मुलीकडून. पट्टी वापरली नाही.

दुसऱ्या दिवशी फुफूआजीला घेऊनच गेले. काकांनी मान वर केली, तेव्हा मी आधी बोलले. "माणूस एकच आहे. भाचाच जावई झाला. ही त्यांची मुलगी, प्रतिज्ञापत्र ही देईल."

काका तिच्याकडे बघत राहिले. "मामा की लडकी से?"

"मंग कोणाची आनाव?" फुफूआजी म्हणाली.

त्यांनी हसत कोरा स्टॅम्पपेपर ओढला. मी नाती एकेक करून सांगत गेले, ते लिहीत गेले. आठवड्याने पडताळणी कार्यालयाच्या खिडकीवरच्या बाबूने प्रतिज्ञापत्रासह तिन्ही कागद एकत्र टाचले आणि पोचपावती दिली. प्रवेशाला सध्या ती पावती चालणार होती, आणि मुदत संपायला चार दिवस बाकी होते.