गर्दी पांगल्यावर

पिंपळवंडीत आमच्या शेजारी राहणारा एक जण दिवसभर ओट्यावर लॅपटॉप घेऊन बसतो आणि प्रत्येक बोलणं ‘समजा’नं सुरू करतो. “समजा काकू, मला चहा पायजे,” म्हणतो. मग चहा टाकायचा की नाही, हे मलाच कळत नाही.

एकदा काम विचारलं, तर म्हणाला, “इंटरनेटवर लोक सध्या कुठल्या ग्रुपात गर्दी करत्यात, ते शोधायचं सॉफ्टवेअर हाये. ते कसं वापरायचं, त्याची माहिती मी लिव्हतो.”

“कुणासाठी?”

“एआयसाठी. माणूस न्हाई वापरनार, मशिनच वापरनार.”

मशिननं वाचायचं म्हणून माणसानं लिहायचं! मी पुढं विचारलंच नाही.

परवा दुपारी त्याच्या घरामागच्या उसात बिबट्या शिरला. बघता बघता सगळं गाव बांधावर, प्रत्येकाचा मोबाइल वर. हा मात्र ओट्यावरून हलला नाही. गर्दीकडं बघायचा आणि टाइप करायचा. मला रागच आला. बिबट्या काही दिसेना, तशी माणसं कंटाळून पांगली. मीही शेळ्या सोडायला निघाले.

“समजा काकू,” तो म्हणाला, “गर्दी गेली. पन बिबट्या जाताना कुनी बघितला का?”

“नाही बाबा.”

“गर्दी गेली म्हंजी बिबट्या गेला असं न्हाई, तेच मशिनला लिव्हून ठेवतो,” म्हणून त्यानं मान खाली घातली.

ते मशिनसाठी होतं की माझ्यासाठी, मला अजून उमगलेलं नाही. शेळ्या मात्र मी आत कोंडल्या आणि कडी घातली.