रडू न देणारे डायव्हरबाबा

डायव्हरबाबांना मरणघरी रडलेलं खपत नसे. तीस वर्षं आर्णी-यवतमाळ एसटी चालवून निवृत्त झालेला हा माणूस आमच्या गावचा बौद्धाचार्य. लग्न असो की मरणानंतरचा जलदानविधी, वंदना घ्यायला पांढरे कपडे घालून वेळेच्या आधी हजर. बायांनी गळा काढला की म्हणायचे, "ब्रेक लावा, बाई. सारं अनित्य आहे. रडून माणूस वापस येते काय?" आणि बाया खरंच गप्प व्हायच्या.

लोकांना सुधारण्याचं तर त्यांना वेडच होतं. विहाराच्या दारात पोरांचे खिसे चाचपून तंबाखू-सुपारीच्या खर्र्याच्या पुड्या काढत आणि सरळ नालीत फेकत. "पंचशील म्हणता अन् गालात खर्रा ठेवता?" माझी परीक्षा आली की पहाटे पाचला आमची कडी वाजे. "उठली काय वं?" घरात दिवा लागल्याशिवाय ओट्यावरून हलत नसत. मी आज यवतमाळला नर्सिंग शिकते त्याला ती कडी बरीचशी जबाबदार आहे. तरीही मला हा माणूस आवडत नसे, हे आता सांगूनच टाकते.

मी अकरा वर्षांची असताना माझे वडील शेतात छातीत कळ येऊन गेले. त्यांना घरी आणलं. आई तोंड उघडून रडणार, तोच डायव्हरबाबा पुढे झाले. "ब्रेक लाव, बाई. पोरगी पाहून राह्यली." आईने पदराचा बोळा तोंडात कोंबला. तेव्हापासून ती रडली नाही. गावाने तिला धीराची बाई ठरवलं. मला मात्र तिची भीती वाटायची. वडिलांचा विषय निघाला की ती उठून घासलेली भांडी पुन्हा घासायला बसे.

गेल्या उन्हाळ्यात बाबांची बायको, आमची काशीआजी, गेली. विधीला दुसरा बौद्धाचार्य बोलावू, असं लोक म्हणाले. "कायले? मले येत नाही काय?" बाबा खेकसले. त्या दिवशी मांडवात ते नेहमीसारखे ताठ उभे राहिले, मेणबत्ती लावली, त्रिसरण सुरू केलं आणि दुसऱ्या ओळीवर अडकले. पुन्हा पहिल्यापासून म्हणाले. पुन्हा तिथेच. जन्मभर पाठ असलेली ओळ! मग त्यांच्या तोंडून हंबरडा निघाला. "काशे, मले सोडून काहून गेली वं!"

अशा वेळी काय बोलायचं ते आम्हाला त्यांनीच शिकवलं होतं आणि ते त्यांनाच ऐकवायची कुणाची छाती होईना.

शेवटी माझी आई उठली. हात जोडून तिने उरलेलं त्रिसरण म्हटलं, पंचशील म्हटलं. आम्ही चाचरत तिच्या मागून म्हणालो. वंदना संपली तसे बाबा तिच्यापुढे येऊन उभे राहिले.

"बाई, तुह्या घरी म्या तुले रडू देलं नाही. मले वाटे, धम्म मंजे हेच. बुद्धानं तं पह्यले दुःख आहे असंच सांगितलं, अन् म्या लोकायचे तोंडं दाबत राह्यलो. चुकलो मी."

मी थक्क होऊन आईकडे पाहिलं. हा माणूस कुणाला चुकलो म्हणेल, हे मला स्वप्नातही खरं वाटलं नसतं.

"नऊ वर्षं झाले, बाबाजी," आई एवढंच म्हणाली आणि मटकन खाली बसली. मग परक्या मांडवात, सगळ्या गावादेखत, तिने माझ्या वडिलांना हाक मारली. मी वीस वर्षांची होते, आणि आईच्या रडण्याचा आवाज मी पहिल्यांदा ऐकत होते.