बाथटबची दुलई

साऱ्या नागपुरात बाथटबला दुलई पांघरवणारा माणूस एकच आहे, आणि तो नेमका माझ्या थोरल्या बहिणीच्या वाट्याला आला आहे. ज्या गावात मे महिन्यात गार पाण्याची तोटी सोडली तरी हात पोळतो, तिथे गरम पाणी जपून वापरा म्हणून सांगत फिरणारा माणूस जन्माला यावा, हेच मला पहिल्यापासून पटलेलं नाही. माझ्या या भाऊजींना ओळखून आता चाळीस वर्षं होत आली. इतक्या वर्षांत दगडाचीसुद्धा सवय होते. मला यांची झाली नाही. मनीषनगरातल्या त्यांच्या घराची पायरी चढताना आज काय बघावं लागणार, या धास्तीने माझ्या छातीत अजून धडधडतं, आणि ती धडधड आजवर एकदाही वाया गेलेली नाही.

भाऊजींची सारी नोकरी वीज केंद्रात बॉयलरवर गेली. तिथे त्यांनी जळणारा कोळसा इतका पाहिला की निवृत्त झाल्यावरही त्यांना वीज दिसतच नाही, कोळसाच दिसतो. आपण गीझरचं बटण दाबतो तेव्हा आपल्याला लाल दिवा दिसतो. त्यांना कुठेतरी धडधडणारी भट्टी दिसते. बादलीभर कढत पाणी म्हणजे अर्धं घमेलं कोळसा, असं त्यांनी ठरवून टाकलं आहे, आणि ते खरं की खोटं हे विचारायची कोणाची छाती नाही. माझे जावई लग्नानंतर पहिल्यांदा पुण्याहून आले तेव्हा नेमके आमच्याकडे नळ आले नव्हते, म्हणून मी त्यांना आंघोळीला ताईकडे नेलं. जावई आत गाणं गुणगुणत होते आणि भाऊजी दाराबाहेर घड्याळ घेऊन उभे होते. थोड्या वेळाने त्यांनी दारावर टकटक केली आणि अगदी अदबीने म्हणाले, "जावईबापू, तिसरं घमेलं लागलं बरं का." जावई कानामागचा साबण तसाच घेऊन बाहेर आले. धरणीने मला पोटात घेतलं तर बरं, असं मला झालं. भाऊजी मात्र त्यांच्या हातात टॉवेल देऊन, वाफेच्या नळांवर जाड वेष्टण का गुंडाळतात हे समजावून सांगण्यात गुंगले होते.

हे वेष्टण म्हणजे त्यांच्या आयुष्याचं तत्त्वज्ञान. गरम करणं कोणालाही येतं, गरम राखण्यात अक्कल लागते, असं ते येताजाता सांगतात. चहाच्या किटलीला त्यांनी लोकरी टोपरं घातलं. वरणाच्या कुकरला जुन्या स्वेटरच्या बाह्या चढवल्या. गीझरला तर त्यांनी स्वतःचा ओव्हरकोट घातला, बटणांसकट. मी पहिल्यांदा न्हाणीघराचं दार उघडलं तेव्हा आत भिंतीला टेकून कोणी माणूस उभा आहे असं वाटून किंचाळले. एका मे महिन्यात त्यांना वाटलं, आपल्या गच्चीवरच्या टाकीत देव रोज एवढं पाणी तापवून देतो, ते वाया का घालवायचं? त्यांनी एक मोठं पिंप त्या पाण्याने भरलं, त्याला चार गोधड्या आणि एक सतरंजी गुंडाळली आणि तीन दिवसांनी आम्हा सगळ्यांना बोलावून झाकण उघडलं. पाणी मस्त गरम होतं. भाऊजींनी विजयी मुद्रेने आमच्याकडे पाहिलं. ताईने अंगणात तीन दिवस उघडी पडलेली बादली आणून शेजारी ठेवली. तिच्यातलं पाणी जास्त गरम होतं.

ही सगळी गंमत होती तोवर मी हसत होते. मग ताईला संधिवाताने धरलं. हिवाळ्यात सकाळी तिची बोटं अशी आखडायची की मूठ मिटेना, वेणी घालता येईना, कपाचा कान धरता येईना. रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी औषधं दिली आणि सांगितलं, रोज अर्धा तास गळ्यापर्यंत गरम पाण्यात बसा. आता आपल्या घरात गळ्यापर्यंत पाणी असतं कुठे? बादली, तांब्या आणि पाटावर बसून घेतलेली आंघोळ, एवढीच आपली मजल. पण भाऊजी आठ दिवस कुठे कुठे हिंडले आणि एका मोडीत निघालेल्या हॉटेलातून पांढराशुभ्र बाथटब घेऊन आले. तो गाडीतून उतरवताना गल्लीतली माणसं दारात जमली. समोरच्या काकूंनी मला हळूच विचारलं, म्हैस घेतली का वं तुझ्या भाऊजींनी?

ताई त्यात बसायला आधी तयारच नव्हती. स्वतःच्याच मळात बसून राहायचं, याला काय आंघोळ म्हणायची, असं तिचं म्हणणं. शेवटी आधी अर्ध्या बादलीत स्वच्छ आंघोळ आणि मग टबात बसणं, असं ठरलं. पण थंडीत टबातलं पाणी पंधरा मिनिटांत निवायचं, आणि डॉक्टरांनी तर अर्धा तास सांगितलेला. इथे भाऊजींच्या अंगात आलं. पहिल्यांदा त्यांनी टबाभोवती थर्माकोल लावला. त्याचा प्रत्येक हालचालीला असा करकर आवाज यायचा की ताईचे दात आंबायचे. तो काढून त्यांनी बॉयलरवर वापरतात ती काचेची लोकर आणली. आठ दिवस घरातली सगळी माणसं आणि दूधवालासुद्धा अंग खाजवत होता. मग त्यांना आपल्या मातीची आठवण झाली. सावनेरकडे त्यांचा धाकटा भाऊ शेती करतो, तिथून त्यांनी गोणीभर कापूस मागवला, गांधीबागेतून जाड मांजरपाट आणला आणि गादीवाल्याला घरी बोलावलं. दुलई कोणासाठी, असं त्या बिचाऱ्याने तीनदा विचारलं. तिन्ही वेळा भाऊजींनी टबाकडे बोट दाखवलं. शेवटी त्याने देवाचं नाव घेऊन टबाची उंची आणि कंबर मोजली. एक दुलई भोवतीने आणि एक वरून, नाड्या लावलेली, ताईचं डोकं तेवढं बाहेर राहील अशी. कापूस आधी सरकी काढून पिंजून घेऊ, असं गादीवाला म्हणाला, तर भाऊजींनी त्याला थांबवलं. सरकीत तेल असतं आणि तेल गरमी धरतं, म्हणून सरकी राहू द्यायची, असा त्यांचा हुकूम होता. जन्म कापसाच्या गावात गेलेल्या माणसाने हे बोलावं, आणि गादीवाल्याने ते ऐकावं, याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

मकर संक्रांतीनंतर ताईकडे तिळगूळ घेऊन गेले तेव्हा हात धुवायला न्हाणीघरात शिरले आणि जागच्या जागी खिळले. बाथटबला कोंब फुटले होते. दुलईच्या शिवणीशिवणीतून दोन दोन हिरवी पानं वर काढून पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची, रोपं रांगेने उभी होती. रोज पाणी, रोज ऊब, वर अंधार. सरकीला आणखी काय हवं? भाऊजी मागे येऊन उभे राहिले आणि कौतुकाने म्हणाले, "शालूबाई, उगवण पाहा. शेतात एवढी बराबर उगवत नाई."

माझं डोकंच फिरलं. इकडे बहिणीची बोटं वाकडी व्हायची वेळ आली आहे आणि हा माणूस न्हाणीघरात पीक घेतो आहे. मी जे मनात होतं ते सगळं बोलून टाकलं. तुमचा कोळसा तुम्हाला लखलाभ, म्हटलं. माझे यजमान गेल्यापासून तीन खोल्यांत मी एकटी असते, माझ्याकडे गीझर दिवसभर चालतो, थंडी सरेपर्यंत ताईला मी घेऊन जाते. मला वाटलं होतं भाऊजी आता तासभर वाद घालतील. पण ते दुलईची एक नाडी बोटाभोवती गुंडाळत उभे राहिले आणि म्हणाले, "तिले आराम पडत असंन तं न्या." त्यांच्याकडून इतकं छोटं वाक्य मी कधी ऐकलं नव्हतं. त्याचाच मला जास्त धक्का बसला.

ताई स्वयंपाकघरातून सगळं ऐकत होती. ती म्हणाली, न्यायचं ते मग ने, उद्या सकाळी ये आणि आधी माझी पाठ चोळून दे.

दुसऱ्या दिवशी मी रिकामी बॅग घेऊनच गेले. भाऊजींनी टब भरून दिला, पाण्यात थर्मामीटर सोडला, ताईला हाताला धरून दारापर्यंत आणलं आणि स्वतः बाहेर स्टूल ओढून बसले. मी ताईला आत बसवलं, वरची दुलई गळ्यापर्यंत ओढली. तिच्या चेहऱ्यावरचा ताण हळूहळू सैल झाला. थोड्या वेळाने तिने पाण्यातून हात वर काढला आणि मला दाखवत सावकाश मूठ मिटली. पूर्ण मिटली. मला हायसं वाटलं. आणि मग ताई दाराकडे तोंड करून बोलू लागली. धाकट्या लेकीला गोवर निघाला होता आणि भाऊजी दुपारच्या पाळीला गेले होते, त्या दिवसाची गोष्ट. शेजारणीने कडुनिंबाचा पाला कुठून आणला, रिक्षावाल्याने पैसे कसे घेतले नाहीत, सगळं. बाहेरून भाऊजी हुंकार देत होते, मधेच विचारत होते की मग पोरगी जेवली का. धाकटी आता पस्तिशीला आली आहे.

अधूनमधून ते विचारायचे, "किती?" आणि ताई थर्मामीटर पाहून सांगायची, "अडतीस." तिसऱ्यांदा ती अडतीस म्हणाली तेव्हा मी सहज वाकून पाहिलं. पारा तेहतीसवर होता. पाण्यात हात घातला तर ते विसरून राहिलेल्या चहासारखं कोमट. मी बोलायला तोंड उघडणार तोच ताईने ओला हात माझ्या तोंडावर ठेवला.

"हळू बोल वं," ती कुजबुजली. "तेहतीस म्हटलं का ते उठतेत. गीझर लावतेत, बादल्या आणतेत, मंग बोलणं राहून जाते. अडतीस म्हटलं का बसून राहतेत." ती पुढे म्हणाली, "सारी नोकरी पाळ्यांची होती. दिवसा झोपून राहायचे. पोरींना मी खुणेनं रागवायची. एवढी वर्षं स्वतःच्या घरात मी मोठ्यानं बोलली नाई, शालू."

मी तिची पाठ पुसली, लुगडं नेसवलं, वेणी घातली, आणि मागच्या अंगणात आले. टबातलं पाणी पाइपाने तिथे येत होतं आणि भाऊजी दुलईतून उपटलेली पऱ्हाटीची रोपं कुंपणाच्या कडेने लावत होते. यांना सांगावं की नाही, या विचारात मी उभी होते. ज्या माणसाने पाण्याच्या उबेसाठी घर डोक्यावर घेतलं त्याची रोज फसवणूक चालली होती, आणि ती माझी सख्खी बहीण करत होती. तेवढ्यात त्यांनी पाइपाच्या तोंडाशी हात धरला.

"एकतीस," ते म्हणाले. "तिनं किती सांगितलं?"

अडतीस, मी म्हटलं.

"रोज अडतीसच सांगते." ते मातीत बोटाने खळगा करत राहिले. तुम्हाला ठाऊक आहे तर गप्प का राहता, मी विचारलं.

"बॉयलरवर जन्म गेला, शालूबाई, मले पाणी कळत नाई का? पण एक डाव मी मधातच उठलो, बादली आणाले. वापस येऊन म्हटलं, हं, मंग काय झालं? तं म्हणे काई नाई. तेव्हा काय झालं होतं ते मले अजून मालूम नाई." त्यांनी रोपाभोवती माती दाबली. "म्हणून थरावर थर टाकून राहिलो. तिचं बोलणं सरेपर्यंत पाणी टिकलं पाहिजे, बस."

मी एवढंच म्हटलं की या खेपेला तरी सरकी काढून, रुई पिंजून घ्या. गादीवाल्याला मी स्वतः सांगते. ते बरं म्हणाले. बहिणीला न्यायला गेलेली मी रिकामी बॅग घेऊन परत निघाले. रस्ताभर मला तिचा हेवा वाटत होता. हे लिहायला लाज वाटते, पण वाटला खरा. आमच्या घरी दोघांना बोलायला वेळच वेळ होता, आणि आम्ही तो वर्तमानपत्र वाचण्यात घालवला.

घरी येऊन मी गीझर लावला. पाणी चांगलं कढत आलं, दुपार सगळी मोकळी होती, हवा तेवढा वेळ बसता आलं असतं. माझी आंघोळ पाच मिनिटांत झाली.